‘आगरातली’बरोबर आठ दिवस

सोलापूरला परतून चार दिवस झाले, तरी माझ्या व्हायोलिनच्या पेटीला सुक्या बोंबलांचा वास येतोच आहे. प्रार्थनेच्या वेळी पेटी उघडली की पहिल्या रांगेतल्या मुली नाक मुरडतात. स्टाफरूममध्ये आमच्या गणिताच्या बाई विचारतात, "अहो, गाण्याच्या दौऱ्यावर गेला होतात की मासळीबाजारात?" खरं सांगायचं तर दोन्हीकडे गेले होते. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं, म्हणून बसले आहे.

मी बावन्न वर्षांची, शाळेत संगीत शिकवणारी. माझा आणि पॉप गाण्यांचा संबंध रिक्षात बसल्यावर कानावर पडतील तेवढाच. पण माझ्या भाच्याचा पुण्यात स्टुडिओ आहे. गेल्या वर्षी तिथे चैताली नावाची सत्तावीस वर्षांची गायिका आपला नवा अल्बम करत होती. ऐन वेळी व्हायोलिनवाला आजारी पडला आणि भाच्याने मला बोलावून घेतलं. मी दोन गाण्यांत वाजवलं आणि विसरून गेले. अल्बमचं नाव ‘आगरातली’. आगर म्हटल्यावर मला नारळ-सुपारीची बागच आठवली होती. चैताली हसून म्हणाली, "नाही ताई, आमच्याकडे आगर म्हणजे मिठागर. माझे आजोबा मीठ पिकवायचे. मी आगरातली."

त्यातलं ‘हळद लागली’ हे गाणं इतकं गाजलं, की आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाचवीच्या मुली त्यावर नाचल्या. त्यात मागे वाजतंय ते माझं व्हायोलिन आहे, यावर कुणाचा विश्वास बसेना. आणि जानेवारीत चैतालीचा फोन आला. "ताई, अल्बमचा दौरा माझ्या किनाऱ्यापासून सुरू करतेय. नागाव, मुरुड आणि शेवटी माझं गाव. याल का?"

मी आधी ‘हो’ म्हटलं आणि मग मुख्याध्यापकांकडे रजा मागितली.

रेवस

सामान, स्पीकर आणि बाकीचे तीन वादक टेम्पोने पेणमार्गे गेले. चैताली मात्र मला घेऊन भाऊच्या धक्क्यावर आली. "आमच्या गावाची वाट रेवसवरून सुरू होते. पहिल्यांदा येताय, तर लाँचनेच चला," तिचा हट्ट.

लाँचमध्ये मुंबईत मासळी विकून परतणाऱ्या बायका होत्या. रिकाम्या टोपल्या, दोन-चार भरलेल्याही. माझी पेटी मी एका टोपलीवर टेकवली. त्या टोपलीत बोंबील होते हे मला फार उशिरा कळलं. वाऱ्यावर केस उडवत चैताली मला पाण्यातली एकेक बोट दाखवत होती आणि मी शाळेच्या सहलीला आलेल्या मुलीसारखी उठून-बसून बघत होते.

रेवसचा धक्का दिसायला लागला आणि लाँच थांबली. पुढे गेली नाही, मागेही नाही. ओहोटी होती, तळ चिखलात टेकला होता. लाँच चालवणारा तांडेल शांतपणे म्हणाला, "पानी भरल्याबिगर हालनार न्हाय." आमच्याकडे एसटी दहा मिनिटं थांबली तर लोक ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. इथे कुणी घड्याळसुद्धा पाहिलं नाही. एकीने पानाचा डबा उघडला, दुसरी टोपलीला टेकून झोपली.

हिरव्या लुगड्यातली एक बाई बराच वेळ माझ्या पेटीकडे बघत होती. "काय हाय गो ह्यान? मशीन?"

"व्हायोलिन आहे."

"वाजतंय?"

"वाजतं की."

"मंग वाजव ना. पानी येईपरान काय करनार हायस?"

मी वाजवलं. चैतालीने गुणगुणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला ती बाई ओरडली, "आगो, ही ती मोबाइलवरची!" मग काय! झोपलेल्या उठल्या. ‘हळद लागली’ सुरू झालं आणि चिखलात रुतलेल्या लाँचमध्ये दहा-बारा बायका टाळ्या देत गाऊ लागल्या:

हळद लागली गो, मीठ लागला,
आयशीच्या डोल्यान आगर दाटला.

मी सव्वीस वर्षं गाणं शिकवते आहे, पण श्रोते माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेत आणि माझ्यापेक्षा जोरात गातायत, हा अनुभव पहिलाच. तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

गाणं संपल्यावर हिरव्या लुगड्यातली म्हणाली, "चाल धवल्याची हाय. लगनातली." मी चैतालीकडे पाहिलं. तिने समजावलं: त्यांच्याकडे लग्नात धवलारीण असते, गाणाऱ्या बाईचा तो मानच. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. त्या गाण्याला धवला म्हणतात. "आत्याच्या लग्नात ऐकला होता, नऊ वर्षांची होते मी. या दोन ओळी डोक्यात राहिल्या. बाकीचं गाणं मी त्यांच्याभोवती बांधलं."

तेवढ्यात लाँच डुलली. पाणी आलं होतं.

नागाव

नागावला एका वाडीत कार्यक्रम होता. दोन्ही बाजूंना पोफळी, पलीकडे समुद्राचा आवाज. दुपारी सूर लावायला बसले तर व्हायोलिनची खुंटी फिरेना. सोलापूरच्या कोरड्या हवेत पन्नाशी गाठलेलं माझं वाद्य इथल्या दमट हवेने फुगून बसलं होतं. जोर लावावा तर मोडायची भीती. कार्यक्रमाला तीन तास उरलेले.

आमच्या आवाजाची यंत्रणा सांभाळणारे महमूदभाई मुरुडचे. साठीकडे झुकलेले, बोलायला हळू. त्यांनी व्हायोलिन हातात घेतलं, सगळीकडून पाहिलं आणि मला ‘ताई’च्या जागी ‘बाजी’ म्हणत सांगितलं, "बाजी, हिला गरम होतंय. थांबा." वाडीच्या मालकिणीकडून त्यांनी तांदूळ मागून आणले, कापडात पुरचुंडी बांधून पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. दोन तासांनी खुंटी हलकेच सुटली. तिला शिसपेन्सिल घासून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "आमच्या लाउडस्पीकरांनासुद्धा ही हवा मानवत नाही. मग हे तर नाजूक लाकूड."

संध्याकाळी मात्र माझी खरी परीक्षा होती. आयुष्यभर मी सतरंजीवर मांडी घालून वाजवलं. चैताली म्हणाली, "ताई, उभं राहायचं." मी इरकल नेसलेली, कानात स्वतःचे सूर ऐकू यावेत म्हणून इअरफोनसारखं यंत्र खुपसलेलं, पायांत पांढरे बूट. समोर मुंबई-पुण्याचे पर्यटक आणि गावातली पोरं-पोरी, सगळे उभे. पहिला ठोका पडला तेव्हा तो माझ्या छातीत वाजला. माझा तुकडा आला, मी डोळे मिटून वाजवला, आणि डोळे उघडले तर समोरची गर्दी माझ्या सुरांवर उड्या मारत होती. उड्या! आमच्याकडे फार आवडलं तर लोक मान डोलावतात. चैतालीने माझ्याकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं, "सोलापूरच्या सुनंदाताई!" आणि माझं नाव आधी कधीच न ऐकलेले ते शेकडो लोक "सुनंदाताई" म्हणून ओरडले. त्या क्षणी मला वाटलं, आता पेन्शनचं काही होवो, आपण हेच करायचं.

मुरुड

मुरुडला आम्ही लॉजवर उतरणार होतो, पण महमूदभाईंनी ऐकलंच नाही. त्यांच्या घरी त्यांची बीवी नजमाआपा दारातच उभ्या. कौलारू घर, मागे माड, कुंपणावर वाळत घातलेलं जाळं. जेवणासाठी दस्तरखान अंथरलं गेलं आणि पदार्थ येतच राहिले: तळलेली सुरमई, नारळाच्या दुधातलं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि मोडताना आवाज करते. ही इतकी मऊ, की रुमालासारखी घडी घालता येईल. शेवटी आले सांदण, तांदूळ आणि नारळाच्या रसाचे वाफवलेले गोड गोळे. मी चार खाल्ले. मी पिशवीतून शेंगाची चटणी काढून दिली. नजमाआपांनी ती चाखली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला, बाजी! तुम्ही ही रोज खाता?"

मुरुडचा कार्यक्रम तर कळसच. मैदान भरलं, कुंपणाच्या भिंतीवर माणसं बसली. कोळीवाड्यातल्या बायका, महमूदभाईंच्या मोहल्ल्यातल्या मुली, बँकेतले कर्मचारी, सगळे. ‘हळद लागली’ तीनदा गावं लागलं. तिसऱ्या वेळी चैतालीने माइक गर्दीकडे धरला आणि त्या दोन ओळी पूर्ण मैदानाने म्हटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते तेव्हा चैताली मागच्या पडवीत फोनवर बोलत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. फोन तिच्या आईचा होता.

"ताई, गावातल्या बायकांनी निरोप दिलाय. कार्यक्रम कर, पण ‘हळद लागली’ गाऊ नकोस म्हणून."

"का?"

"हिराबाय धवलारीण दुखावल्यात. आत्याच्या लग्नात गायल्या होत्या ना, त्या. मला वाटलं होतं..." ती थांबली. "खरं सांगू? मला वाटलं होतं त्या आता नसतील. मी चौकशीच केली नाही."

धाकटी खार

चैतालीचं गाव, धाकटी खार, खाडीच्या काठाला आहे. एका बाजूला बांध, त्याच्या आत भातखाचरं, बाहेर मिठागरांचे चौकोन. काही अजून चालू, बरेचसे ओस. घरं मात्र पक्की, दारात ट्रक उभे. मीठ सोडून बहुतेक घरं आता गाड्यांच्या धंद्यात आहेत, असं तिची आई म्हणाली.

चैताली घरी पाणीसुद्धा न पिता हिराबायकडे निघाली. "ताई, तुम्ही चला. मला एकटीला भीती वाटते." मैदानभर माणसं नाचवणारी मुलगी माझा हात धरून चालत होती. 

हिराबाय अंगणात बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. समोर वालाच्या शेंगांचा ढीग, शेजारी मडकं आणि हिरव्या पाल्याचा भारा. पोपटीची तयारी चालली होती. थंडीत या भागात घरोघरी हे करतात: मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा भरायच्या, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा.

चैताली वाकून पाया पडली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आयलीस? बस. पाला निवड."

आम्ही दोघी बसलो आणि पाला निवडू लागलो. पाल्याचा अर्धा भारा संपला. मग चैताली म्हणाली, "हिराबाय, माझा चुकला. मी तुमाना विचाराला पायजे व्हता."

"मोबाइलवर नाव काय लिवलंस गान्याखाली? सून वाचून दावते माना."

चैतालीने मान खाली घातली. "पारंपरिक."

"पारंपरिक म्हंजे कोन गो?" हिराबायचा हात थांबला. "मी काय मेले?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण त्या आता थेट चैतालीकडे बघत होत्या.

"धवलं मी माझ्या सासूकडना शिकले, ती तिच्या सासूकडना. ती सगल्यांची. पन गान्यातली ती ‘मीठ लागला’वाली वल कुनाची नाय. ती माझी हाय. माझी पोर लगीन होऊन चालली तवा मी धवलारीन, मीच तिची आयस. गाताना रडाला येईना, थांबाला येईना. तवा ती वल आपसूक तोंडान आयली. आनी आज तिच्यावर पोरं ढुंगान हालवून नाचतान."

चैताली रडायला लागली. हिराबायनी तिला थांबवलं नाही की जवळही घेतलं नाही. मडकं पुढे सरकवलं. "भर. दाबून भरू नको, वाफ फिराला पायजे."

चैतालीने मडकं भरलं. मग डोळे पुसून विचारलं, "नाव लावू तुमचा? आनी आज गाऊ का? तुमी सांगाल तसा."

"नाव लाव. तो माझा हाय." मडक्याच्या तोंडाशी पाला कोंबत त्या म्हणाल्या, "पन गाऊ नको. मांडव नाय, नवरी नाय, कुनासाठी गानार?"

जाळ झाला, मडकं तापलं, पाल्याचा उग्र वास अंगणभर पसरला. पोपटी निघाल्यावर त्यांनी पहिल्या शेंगा केळीच्या पानावर घालून मला दिल्या. "खा गो, पावनी हायस." कोवळे, धुरकट, किंचित खारट दाणे. असं चवदार काही मी त्या आठ दिवसांत खाल्लं नाही.

परत येताना चैतालीने अल्बमवाल्यांना फोन लावला. दुपार संपायच्या आत गाण्याखालचं ‘पारंपरिक’ जाऊन तिथे हिराबायचं नाव आलं. कार्यक्रम भरवणाऱ्यांना मात्र ती गाणं गाणार नाही हे पटेना. "अहो मॅडम, लोक त्याच्यासाठीच येणार आहेत," त्यांच्यातला एक पुन्हा पुन्हा सांगत होता. चैताली एवढंच म्हणाली, "मला ठाऊक आहे."

शाळेच्या मैदानावर संध्याकाळी अख्खी पंचक्रोशी जमली. पुढच्या खुर्च्यांवर बायका आणि त्यांच्यात मधोमध हिराबाय. पहिली चार गाणी झाली आणि मागून ओरडा सुरू झाला. "हळद! हळद!" चैतालीने वाद्यं थांबवली.

"ते गानं माझा नाय," ती म्हणाली. माइकवर गावच्या बोलीत बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. "ते आपल्या हिराबायचा हाय. मी त्यांना न विचारता घेतला. त्या नको बोलल्या, म्हनून आज गानार नाय."

पुढच्या बायका हिराबायकडे वळून बघू लागल्या. मग कुणीतरी शिट्टी मारली. "आमी तेच आयकाला आयलो!" मागच्या काही खुर्च्या सरकल्या, मोटरसायकली सुरू झाल्याचे आवाज आले.  चैताली माझ्याकडे वळली. "ताई, ‘बांधावरून’ सुरू करा." अल्बममधलं सगळ्यात साधं, कुणी फारसं न ऐकलेलं गाणं, तिच्या आजोबांवरचं. मी सुरुवात केली. पहिल्या कडव्यात लोक चुळबुळत होते, दुसऱ्यात थांबले. आगरात राबलेली म्हातारी माणसं त्या गर्दीत होतीच. गाणं संपलं तेव्हा टाळ्या नागावसारख्या, मुरुडसारख्या नव्हत्या. पण एक आजोबा उठून उभे राहिले आणि बराच वेळ उभेच होते.

हिराबाय कार्यक्रम संपल्यावर सुनेचा हात धरून तडक निघून गेल्या. चैताली घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी आम्ही मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटीसाठी बॅगा भरत होतो, तोच हिराबायची सून दारात आली. "सासूबाय बोलवतान. वरच्या आलीत हलद हाय. तुमी पन या, व्हायोलिनवाल्या बाय."

मी उत्साहाने पेटी उचलली. सून म्हणाली, "ती नको. हात हालवत या."

मांडवात पंचवीस-तीस माणसं असतील. पाटावर नवरी, तिच्यामागे तिची आई. हिराबाय एका बाजूला बसलेल्या, शेजारची जागा रिकामी. धवला दोघींनी गायचा असतो: एक ओळ उचलते, दुसरी झेलते. हिराबायची जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी वारली आणि तेव्हापासून त्या एकट्याच गात होत्या. त्यांनी चैतालीला त्या रिकाम्या जागेवर बसवलं.

"मी बोलीन, तू झेल. पुढं पलू नको."

माइक नाही, ताल नाही, वाद्य नाही. हिराबायचा आवाज फाटका, पण पहिल्याच स्वराला मांडवातली कुजबुज थांबली. चैताली झेलताना घाई करायची, तेव्हा त्या तिच्या मांडीवर थाप मारायच्या. तीन-चार थापांनंतर चैतालीचा आवाज खाली आला, त्यांच्या आवाजाशेजारी येऊन बसला. हळद चढत होती, नवरी खाली मान घालून बसलेली, बायका एकेक करून पुढे येत होत्या. मग नवरीची आई आली. तिने हळद लावली. हिराबाय "हळद लागली गो" एवढं म्हणाल्या आणि थांबल्या.

पुढे मिठाची ओळ यायची होती. मी चैतालीकडे पाहिलं. ती हिराबायकडे बघत होती. हिराबायनी मान हलवली, "बोल" अशी. आणि चैतालीने ती ओळ म्हटली, नवरीकडे बघून, हळू, एकटीने. हिराबायनी ती झेलली. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. मी कशाला लपवू, मीही लावला.

हळद आटोपल्यावर हिराबायनी आमच्या हातांवर लाडू ठेवले. "आयतवारी शेजारच्या गावान लगीन हाय," त्या चैतालीला म्हणाल्या. "सकालची हलद. माना जोडीदारीन पायजे. येशील?"

"रविवारी ठाण्याला कार्यक्रम..." चैताली बोलता बोलता थांबली. "तो संध्याकालचा हाय. सकाली येते."

मांडव्याला जाताना ती रिक्षात सगळा वेळ त्या चाली गुणगुणत होती, चुकत होती, पुन्हा धरत होती. जेट्टी दिसायला लागली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाल्या मग त्या? स्टेजवर गायची परवानगी दिली का?"

चैताली गुणगुणायची थांबली. माझ्याकडे वळली, डोळे मोठे करून.

"अय्या ताई," ती म्हणाली, "ते विचारायचंच राहिलं की!"